दर्याला दिलेला हात

वारा फिरला की मला कळतं. चौथा मजला, खिडक्यांना काचा, वर पंखा गरगरतोय, तरी कळतं. वैशाख सरत आला की एखाद्या दुपारी पश्चिमेचा वारा मध्येच थबकतो आणि मग दक्षिणेकडून एक दमट, जड झुळूक येते. आम्ही त्याला दखनचा वारा म्हणतो. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या मुलाच्या घरात मी सोफ्यावर बसलेली असते, समोर टीव्हीवर कुणीतरी कुणाचा तरी संसार मोडत असतं, आणि माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो. सून विचारते, "आई, थंडी वाजतेय का?" मे महिन्यात थंडी. मी म्हणते, हो, वाजतेय. ती बिचारी पंखा कमी करते आणि मग आम्ही दोघी घामानं निथळत बसतो.

यंदा घरात लग्न आहे. नात शिल्पा. तिच्या दोन मैत्रिणी रोज संध्याकाळी येतात आणि माझ्याच सोफ्यावर बसून बेत रचतात. भुलेश्वरला जायचं, सकाळी लवकर निघायचं, आधी साड्या, मग कुठेतरी पावभाजी, मग चौपाटी, मग बांगड्या. "नाही, बांगड्या आधी. मग हात भरून पावभाजी खाऊ," एक जण म्हणते, आणि तिघी खिदळतात. मीही हसते. हसता हसता उजवा हात पदराखाली घेते. शिल्पाचा होणारा नवरा बोटीवर आहे, मोठ्या मालाच्या बोटीवर. सहा महिने पाण्यात, तीन महिने घरी. आमच्या घराण्यातली पोरं मासेमारी सोडून नोकऱ्यांना लागली, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता. आणि पोरीनं शोधून आणला तो पुन्हा पाण्यातलाच.

आम्हीसुद्धा तिघीच होतो. मी, मथुरा आणि कार्मेल.

लढाईची वर्षं होती ती. आमचं घर उत्तनला, अगदी किनाऱ्याला, भरतीच्या वेळी अंगणात उभं राहिलं तर बोलताना आवाज चढवावा लागे. मी सतरा वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. आमचे हे तांडेल होते, म्हणजे होडी यांच्या हुकमानं चालायची. मथुरा माझी शेजारीण. तिचा नवरा आमच्याच होडीवर खलाशी. कार्मेल चर्चमागे राहायची, तिचं लग्न पावसाळ्यानंतर ठरलं होतं. तिघींचं जमायचं कसं, तर बोंबलांमुळं. कार्तिकापासून वैशाखापर्यंत आम्ही एकाच वाळवणावर काम करायचो. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दिवसभर हेच. हातांना वास असा की झोपेत नाकाला हात लागला तर जाग यावी. त्या कामात बोलण्याशिवाय दुसरी करमणूक नव्हती, आणि आमचं बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचं. एकदा तरी शहरात जाऊ. बाजाराला नाही, डोक्यावर पाटी घेऊन नाही. रिकाम्या हातानं, मजा करायला.

त्या वर्षी कार्मेलला लग्नाचं कापड घ्यायचं होतं आणि तिची मावशी गिरगावातल्या एका वाडीत राहायची. निमित्त मिळालं. गंमत बघा, त्या दिवसांत शहरातली माणसं बॉम्ब पडतील या भीतीनं बोचकी बांधून गावाकडे पळत होती, आणि आम्ही तिघी उत्तनहून मौज करायला शहरात निघालो होतो. अक्कल म्हणतात ती आमच्यापैकी एकीलाही नव्हती.

होड्या तेव्हा मोसमाच्या शेवटच्या फेरीवर गेल्या होत्या. ही फेरी झाली की होड्या वर ओढायच्या, त्यांच्यावर नारळाच्या झापांचं छप्पर घालायचं आणि नारळी पुनवेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. माझी सासू फारशी बोलायची नाही. सासरे समुद्रात गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा आमचे हे सहा वर्षांचे होते, आणि त्यानंतर ती लागेल तेवढंच बोलत आली. मी परवानगी मागितली तेव्हा ती जाळ्याची गाठ मारत होती. गाठ पुरी केली आणि म्हणाली, "होडी पान्यात हाय."

"दोन दिसांत येते, आये. होडीच्या आधी येते."

"जा मंग. हात झाकून ऱ्हा. शेरातल्या बाया बगतान."

हात म्हणजे उजवा हात. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आमच्यात लग्न लागलं की नवरीच्या उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवतात आणि दर्यात सोडतात. तो हात दर्याला दिला. त्याच्या बदल्यात दर्यानं तिचा नवरा सांभाळायचा. पुढं जन्मभर बांगड्या घालायच्या त्या फक्त डाव्या हातात. माझ्या लग्नात सासूनंच माझ्या बांगड्या उतरवल्या होत्या, गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक करून सोडल्या होत्या, आणि मी काठावर उभी राहून बघत होते. तेव्हा मला भीतीबीती काही वाटली नव्हती. फक्त बांगड्यांचं वाईट वाटलं होतं. फार सुंदर होत्या, हिरव्यागार, वर सोनेरी ठिपके.

बैलगाडी मुर्ध्यावरून, राईवरून भाईंदरच्या स्टेशनाकडे निघाली. दोन्ही बाजूंना मिठागरं. पावसाच्या आत मिठाच्या राशींवर गवत शाकारण्याची घाई चालली होती, आणि उन्हात ते पांढरं मीठ बघवत नव्हतं. आज त्यातली बरीच मिठागरं इमारतींखाली गेली आहेत. मुलाच्या घरातून उरलेली दिसतात, एवढीशी. कार्मेल गाडीत गात होती, मथुरा तिला गप्प करत होती, आणि मी माझ्या नव्या फडकीवरून हात फिरवत होते. खांद्यावरून घेतलेली ती फडकी लाल होती, मुद्दाम जाण्यासाठी काढलेली. त्या सकाळी मी किती सुखात होते, हे मला नंतर कळलं.

शहरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, दिव्यांना टोप्या घातलेल्या. मावशीच्या वाडीतली निम्मी घरं कुलपात. पण बाजार चालू होता. मंगळदास मार्केटात कार्मेलनं पांढऱ्या कापडाचे इतके तागे उघडायला लावले की शेवटी दुकानदार म्हणाला, "बेन, लग्न तुमचं आहे की गावाचं?" आम्ही फालुदा प्यायलो. मथुरेला त्यातलं तुळशीचं बी बघून शंका आली, ते बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतं म्हणाली, आणि मग माझाही पेला तिनंच संपवला. आम्ही ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसलो आणि शेवटपर्यंत गेलो, आणि उतरून त्याच ट्रामनं परत आलो. अमुक ठिकाणी जायचं म्हणून नाही. बसायचं म्हणून.

ट्राममध्येच ते सुरू झालं. समोर एक बाई बसली होती, पाचवारी साडी, नाकात चमकी, मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. त्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "हिच्या एकाच हातात बांगड्या का गं?" आईनं तिचं बोट खाली केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही चोरलंय. कीव आणि संशय, दोन्ही एकदम. मी हात फडकीखाली घेतला. उत्तनला हा हात सगळ्याजणींचा असाच. तिथं तो कधी दिसतच नाही. इथं तो जिथं जावं तिथं माझ्या आधी पोचत होता.

भुलेश्वरला मथुरा आणि कार्मेल लेसच्या दुकानात शिरल्या आणि मी शेजारच्या कासारापाशी थांबले. डाव्या हातासाठी नव्या घ्यायच्या होत्या, तेवढंच. म्हातारा कासार, डोळ्यांवर जाड भिंगं, बोटं मात्र लोण्यासारखी. त्यानं माझा डावा हात भरला. हिरव्यागार, वर सोनेरी ठिपके. अगदी त्या. मग त्यानं विचारलंही नाही, माझा उजवा हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "सवाष्ण बाईचा हात असा भुंडा बरा दिसत नाही, ताई."

माझ्या तोंडात शब्द आला होता. नको. एवढाच बोलायचा होता. आजवर मी त्या एका शब्दाचा किती वेळा विचार केला असेन. मी काही अडाणी नव्हते, विसरले नव्हते, मला कुणी फसवलं नव्हतं. समोर भिंतीला आरसा होता, आणि त्यात मी बघितलं की हा हात भरला तर मी कशी दिसेन. बस. मी तोंड मिटलं. त्यानं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, हाड इकडचं तिकडे केल्यासारखं वाटलं, आणि पहिली गेली. "हात कडक आहे, कामाचा आहे," तो म्हणाला, "पण चढवतो." सहा चढवल्या. मी दोन्ही हात वर करून हलवले. आवाज दोन्ही बाजूंनी आला. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि मथुरा समोर आली. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे. तिचा चेहरा उतरला. ओरडली नाही ती. अगदी हळू म्हणाली, "हिरे, होडी पान्यात हाय."

आणि मग मला भीती वाटली.  मी तिथंच पायरीवर बसले आणि बांगड्या काढायला लागले. निघेनात. दाबून चढवलेल्या बांगड्या त्या, चढताना कासाराच्या हातानं चढतात, उतरताना कुणाच्याच ऐकत नाहीत. ओढलं तेवढा हात सुजला. मी कासाराकडे परत गेले. तो म्हणाला, "उतरायच्या नाहीत आता. वाढवून देतो हवं तर. पण रिकामा हात ठेवून मी उठू देत नाही कुणाला. दुसऱ्या भरतो." वाढवून, म्हणजे फोडून. फोडणं म्हणायचं नाही, वाढवणं म्हणायचं, कारण बांगड्या फोडतात ते फक्त एकदा, नवरा गेल्यावर.

आता बघा माझी गंमत. हातात ठेवाव्या तर दर्याला दिलेला हात मी परत घेतलेला. फोडाव्या तर नवरा पाण्यात असताना स्वतःच्या हातानं बांगड्या फोडलेल्या. ठेवता येत नाहीत, काढता येत नाहीत. आणि होडीवर माझा एकटीचा नवरा नव्हता.

मावशीच्या मोरीत मी साबण लावून हात सोलून घेतला. खोबरेल लावलं. मावशीनं दोरा गुंडाळून बघितला. काही होईना. मथुरा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "मथुरे, काय तरी बोल." ती म्हणाली, "काय बोलू? तू आरशात बगत व्हतीस तवा माजा नवरा तुज्या नवऱ्याच्या पाटीशी बसला व्हता." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

सकाळी कार्मेलच्या डोक्यात लोणी आलं. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे आम्ही तिघी बसलो, तीन बन-मस्का मागवले, आणि पावातलं सगळं लोणी निपटून तिनं माझ्या हातावर चोपडलं. पलीकडच्या टेबलावरचे दोघे म्हातारे चहा बशीत ओतायचे थांबले. इराणी गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "बाई, वो खाने का है." कार्मेलला हसू फुटलं. मलाही आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. एक बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आली आणि तिथंच अडकली. मथुरेनं कोरडा पाव उचलला आणि खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

मग आम्ही चौपाटीवर गेलो, कारण कार्मेल म्हणाली, दर्याचीच माफी माग. तिच्या धर्मात माफीची सोय आहे. सांगायचं कुणाला, कुठं बसून, काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. मला फक्त पाणी दिसलं. उत्तनला जन्मले, पाण्याला कधी भ्याले नाही. भरतीत पोहले आहे, खडकांवरून कालवं काढली आहेत. आणि त्या दिवशी वाळूवर वीस पावलं अलीकडे माझे पाय रुतले. हा तोच होता. शहरात आलं म्हणून दर्या काही वेगळा होत नाही. इथलं पाणी फिरून तिथंच जातं, जिथं आमची होडी होती. मी हात पाठीमागे घेतला, फडकीत गुंडाळला आणि उभी राहिले. कार्मेल म्हणाली, जा पुढं. मी गेले नाही. माफी मागायची तर हात जोडावे लागतात, आणि तो हात दाखवायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात वारा थांबला. भेळवाल्याच्या टोपलीवरचा कागद फडफडत होता, तो पडला. आणि मग मानेवर दुसऱ्या बाजूनं दमट झुळूक आली. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी मान वर करून कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला, "फिरला." मथुरेनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. आम्ही तिथूनच स्टेशनवर गेलो. राणीची बाग राहिलीच. आजतागायत मी वाघ बघितलेला नाही.

पुढचे दोन दिवस मी नीट सांगू शकत नाही. भीतीला दिवस-वेळ नसते. मला एवढं आठवतं की मी सगळं डाव्या हातानं करत होते. डाव्या हातानं भाकरी थापली, डाव्या हातानं घागर उचलली. सासूनं एकदा विचारलं, हाताला काय झालं. मी म्हटलं, गाडीच्या दारात चेमटला.  दक्षिणेला आभाळ काळवंडलं. एकेक होडी येत गेली. शीड दिसलं की सगळ्या बायका उठायच्या, शिडावरचं ठिगळ ओळखू आलं की एक जण पळत पाण्याकडे जायची आणि बाकीच्या परत बसायच्या. आमच्या शिडाला कोपऱ्यात निळं ठिगळ होतं. मी मीठ, तांदूळ, पाणी, काहीही बघितलं तरी मला त्यात निळं ठिगळ दिसायचं. मी मनात हिशेब मांडायची. सहा बांगड्या, सहा माणसं होडीवर. मग वाटायचं, कासारानं चारच भरल्या असत्या तर. काय काय सुचतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर आम्ही दोघीच उरलो. बाकीच्यांच्या होड्या आल्या होत्या. मथुरा माझ्यापासून लांब, उलट्या पडलेल्या एका होडीच्या सावलीत बसली होती. बऱ्याच वेळानं ती उठली. मला वाटलं घरी चालली. ती आली आणि माझ्या उजव्या बाजूला, मी आणि पाणी यांच्या मध्ये बसली. स्वतःची फडकी सोडली, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि वरून फडकी टाकली. पाण्याकडे बघतच म्हणाली, "झाकून ठेव. दिसंल त्याला."

तशा आम्ही बसलो. तिच्या फडकीला बोंबलाचा वास होता, माझ्या हाताला अजून लोण्याचा. तिचा हात आतून माझ्या बांगड्यांवर घट्ट होता, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून.

एकाच फडकीखाली दोघींचे हात बघून सासूच्या लक्षात आलं. ती कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं फडकी बाजूला केली आणि बघितलं. मी सगळं सांगितलं, ट्राममधल्या मुलीपासून. आरशाचंही सांगितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ऊठ."

ती मला पाण्यात घेऊन गेली, कमरेइतक्या. लाटा अंगावर येत होत्या. तिनं माझा हात कोपरापर्यंत पाण्यात धरला आणि धरूनच ठेवला, हाताची आग थांबेपर्यंत, बोटं गार पडेपर्यंत. मग अंगठा मुडपून, पाण्याखालीच, एकेक सरकवायला लागली. पाच निघाल्या. प्रत्येक तिथंच सोडली, लग्नात सोडल्या होत्या तशी. सहावी निघेना. तिनं काठाकडे न बघता ती दोन बोटांत दाबली. पाण्याखाली आवाज आला नाही. मला फक्त मनगटाला टोचलं आणि पाणी जरासं लाल झालं.

"फुटली," मी म्हटलं. दातांवर दात आपटत होते माझे. "आये, फुटली. आता त्यांना काय झालं तर ते माज्यामुळं."

सासूनं माझा हात सोडला. तिचे दोन्ही हात पाण्यावर होते, दोन्ही रिकामे, डावा सासरे गेल्यापासून. तिनं स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे धरला.

"मी यो हात कदी भरला न्हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून एक दीस न्हाय. काचेचा मणीसुदीक न्हाय. तरी."

 वळली आणि लुगडं पिळत काठाकडे गेली.

लोकांना वाटेल, तिनं माझी समजूत घातली. घातलीच. तिला तेच करायचं होतं. पण मी त्या पाण्यात उभी होते आणि मला इतकी भीती वाटली, जितकी त्या दोन दिवसांत वाटली नव्हती. तोवर माझ्या भीतीला एक कड होती, धरायला. चूक माझी होती, बांगड्या माझ्या होत्या. काढल्या की सुटेल. सासूनं ती कडच काढून घेतली. दर्यानं हात घेतला आणि त्याबद्दल काहीच कबूल केलेलं नाही. मोकळा ठेवला तरी नाही, भरला तरी नाही. तो बघतच नाही. मला एकदम मनापासून वाटलं की चूक माझीच असू दे.

होडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. शिडावर निळं ठिगळ. मथुरा आणि मी एकमेकींना धरून पाण्यात पडलो. आमचे हे उतरले, अंगावर मिठाचे थर, आणि सांगू लागले की वारा फिरणार हे आदल्याच दिवशी नाकाला कळलं होतं, म्हणून होडी सरळ अर्नाळ्याच्या आडोशाला नेऊन लावली. मी चौपाटीवर हात पाठीमागे लपवून उभी होते, तेव्हा हे अर्नाळ्याला कुणाच्या तरी ओट्यावर बसून भात आणि कोळंबीचं कालवण खात होते. "तीन दीस पत्ते खेळलो," मथुरेचा नवरा म्हणाला. मथुरेनं त्याला तिथंच एक धपाटा घातला.

यांनी माझ्या मनगटाची चिंधी बघितली आणि विचारलं, "शेरातून काय आनलंस?" मी डावा हात पुढं केला. बरी आहेत काकणं, म्हणाले.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं हे पाण्यात जात राहिले. दर फेरीला मी तशीच घाबरले, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एक दिवस सवय झाली नाही. आणि दर फेरीला माझा उजवा हात मोकळा होता. सासूचा तो एक शब्द ऐकूनसुद्धा. का, ते मला सांगता यायचं नाही. हे शेवटी घरात, खाटेवर गेले, शेजारी डॉक्टर, उशाशी मुलगा. डाव्या हातातल्या बांगड्या काढायला मथुराच आली होती. पार म्हातारी झालेली, मला जन्मभर बांगडीवाली म्हणून चिडवत आलेली. त्या दिवशी चिडवलं नाही. माझा उजवा हात तिनं मांडीवर घेतला, मनगटावरच्या वणावर अंगठा फिरवला, आणि वरून पदर टाकला.

उद्या शिल्पा आणि तिच्या मैत्रिणी जाताहेत. आज संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली, पाय वर घेऊन, हातात यादी. "आजी, उजव्या हाताचं काय करू? आई म्हणतेय, आता कोण पाळतंय ते सगळं. दोन्ही हातांत घाल, फोटोत छान दिसतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण हा बोटीवर असतो ना. म्हणून विचारतेय."

तिच्या डोळ्यांत बघितलं तर तिथं ते भय होतं. सतराव्या वर्षी माझ्या डोळ्यांत होतं तेच, अजून नाव न कळलेलं. मला सगळं माहीत आहे. तिला सांगायला हवं होतं की पोरी, भर दोन्ही, काही होत नाही, काही थांबत नाही. तोंडात शब्द आला होता.

मी तिचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि वरून पदर टाकला.

"काय करतेस आजी, गरम होतंय."

"राहू दे जरा," मी म्हटलं.